क्रमांक १ कुठे आहे? कॉमिक्सच्या कपाटाच्या प्रकल्प नोंदी

७ जून २०२५, शनिवार

कूलरच्या तीन खोक्यांत भरून कॉमिक्स आली. देणारा आमच्याच गल्लीतला पोरगा. नोकरीसाठी बाहेरगावी गेला तो तिकडचाच झाला, आणि आता त्याच्या आईने माळा रिकामा करायला काढला. रद्दीवाल्याच्या आधी आमच्या वाचनालयाचा नंबर लागला हे नशीबच. मोजले: सुटे अंक २१४, जाड खंड (बरेच अंक एकत्र बांधलेले) ६१. बहुतेक मार्व्हल आणि डीसी या अमेरिकी कंपन्यांची, म्हणजे स्पायडरमॅन, एक्स-मेन, बॅटमॅन, सुपरमॅन. तळाशी हिंदीतले नागराज आणि सुपर कमांडो ध्रुव, वाळवीने कडा खाल्लेले.

विदर्भातल्या शाळा २३ जूनला उघडतील. त्याआधी कपाट लावून देतो, असं समितीपुढे मीच बोलून बसलो. ज्याने आयुष्यात एकही सुपरहिरो कॉमिक हातात धरलं नाही, त्याने कपाटासमोर उभं राहावं आणि कुठून सुरू करायचं ते कुणाला न विचारता कळावं, एवढंच काम. दोन शनिवारांत होईल, असंही बोललो.

८ जून, रविवार

दाखल नोंदवहीतच गाडी अडली. ग्रंथपाल मॅडमनी अंक हातात घेतले आणि विचारलं, "हे ‘अमेझिंग स्पायडरमॅन’ क्रमांक १ तीन आहेत. प्रती आहेत का?" प्रती नाहीत. एक १९९९ चा, एक २०१४ चा, एक २०१८ चा. मूळचा क्रमांक १ मार्च १९६३ चा, तो आपल्याकडे नाही. मधे २०१५ मध्ये पुन्हा एक झाला, २०२२ मध्ये झाला, आणि याच वर्षी एप्रिलमध्ये परत. मॅडम माझ्याकडे अशा बघत होत्या, जशी ही सगळी गडबड मीच केली आहे.

कारण सरळ धंद्याचं आहे. अमेरिकेत ही मासिकं मुख्यतः कॉमिक्सच्या खास दुकानांतून विकली जातात, आणि दुकानदाराने मागवलेला माल सहसा परत घेतला जात नाही. त्यामुळे तो जपून मागवतो. क्रमांक १ असेल तर मात्र गिऱ्हाईक वाढेल या आशेने जास्त मागवतो. म्हणून प्रकाशक सारखी पाटी पुसून एक काढतात. गंमत म्हणजे हिशेब कुठेतरी सुरूच असतो. २०२२ च्या सहाव्या अंकालाच त्यांनी जुनी गणती धरून ९०० वा अंक म्हणून मिरवलं.

नोंदवहीत शेवटी ‘क्रमांक’च्या रकान्यात क्रमांकासोबत साल लिहायचं ठरलं. मॅडमच्या अक्षरात ते शोभतंय.

१४ जून, शनिवार

चार मोठे कार्डशीट चिकटवून तक्ता केला. डावीकडून उजवीकडे काळ. जून १९३८ ॲक्शन कॉमिक्स, सुपरमॅन. १९३९ बॅटमॅन. १९६१ फँटास्टिक फोर. ऑगस्ट १९६२ स्पायडरमॅन (स्वतःच्या मासिकाआधी, दुसऱ्याच एका मासिकात). १९६३ एक्स-मेन. तिथून खाली फांद्या, लाल-निळे बाण, कोण कुणाचा भाऊ, कोण कोणत्या विश्वातला. रात्री अकरापर्यंत बसलो. बायको म्हणाली, घराचं लाईटबिल इतक्या लक्ष देऊन कधी वाचलं होतं?

तक्ता सुंदर झाला आहे.

२८ जून, शनिवार

तक्ता फेल.

आठ दिवस दाराशी लावला होता. नववीतला एक पोट्टा बराच वेळ समोर उभा राहिला. मी मनातल्या मनात पाठ थोपटून घेतली. मग तो वळून म्हणाला, "काका, हे सगळं वाचा लागते का आधी? सिलॅबस आहे का हा?" आणि कॅरमकडे गेला. त्याचं चुकलं नाही. मी घरी येऊन हिशेब मांडला. नुसता एक स्पायडरमॅन, तोही एकाच मासिकातला, रोज एक अंक वाचला तरी ९०० पर्यंत पोचायला अडीच वर्षं. तोवर पोट्ट्याची दहावी होऊन जाईल.

आठवीतल्या एका मुलीला मात्र पहिल्यापासूनच वाचायचं होतं. खंडांत १९६२ ची मूळ गोष्ट पुनर्मुद्रित आहे. स्टॅन ली आणि स्टीव्ह डिट्को यांची, फक्त ११ पानांची. तिने ती तिथेच उभ्याने वाचली. बेन काका मरतात तिथे थांबली, शेवट आवडला. पण पुढच्या गोष्टींत अडकली. "ताई पडते, आणि पडता पडता सांगते की मी पडून राहिली आहे. चित्रात दिसते ना!" बरोबर बोलली. तेव्हाचे अंक पेपरच्या स्टँडवर बारा सेंटला मिळायचे, घेणारा पोरगा कालचा असेल की आजच पहिल्यांदा आला असेल याचा भरवसा नाही. म्हणून प्रत्येक अंकात सगळं पुन्हा सांगायचं, चित्रात दिसतंय तेही बोलून दाखवायचं. तेव्हा नवख्यासाठी केलेली ती सोय आजच्या नवख्याला टोचते. सगळ्यात जुनं ते सगळ्यात सोपं, हा माझा समज तिने ११ पानांत मोडला.

२९ जून, रविवार

काल रात्री झोप नाही, तर विचार केला की मी स्वतः कुठून सुरू केलं होतं.

इंद्रजाल कॉमिक्स. टाइम्सवाल्यांनी १९६४ मध्ये काढली, १९९० मध्ये बंद पडली, मराठीतही यायची. नागपूरच्या महाल भागातल्या एका दुकानात चार आण्याला भाड्याने मिळायची, तिथेच बाकावर बसून वाचायची. त्यातला वेताळ (इंग्रजीतला फँटम) हा एकविसावा वेताळ आहे, आधीचे वीस होऊन गेले, हे मला पहिल्याच अंकात कळलं होतं. पण म्हणून आधी पहिला वेताळ आणा, असं मी दुकानदाराला कधी म्हटलं नाही. कव्हर फाटलेलं असायचं, कधी शेवटची दोन पानं नसायची. तरी कवटीचं सिंहासन, शिक्क्याची अंगठी, डेंकालीचं जंगल सगळं तोंडपाठ. मूळ पट्टी अमेरिकेत १९३६ पासून सुरू होती, हे तर मला मिशा फुटल्यावर समजलं.

आणि बॅटमॅनच बघा ना. तो डिटेक्टिव्ह कॉमिक्सच्या २७ व्या अंकात आला. स्पायडरमॅन ज्या मासिकात आला त्याचा तो १५ वा अंक होता, आणि शेवटचाही. मासिक बंद व्हायला निघालं होतं. नायक स्वतःच मधून घुसले, आणि मी वाचणाऱ्याला रांगेत उभं करत होतो.

तक्ता उतरवला. गुंडाळी करून माळ्यावर.

५ जुलै, शनिवार

पाऊस. वाचक चार, त्यातले दोन आडोशाला आलेले.

त्यातल्याच एकाने विचारलं, "काका, खरा बॅटमॅन कोणता?" मी १९८५-८६ च्या बारा अंकांची गोष्ट सांगायला घेतली. डीसीने सगळी समांतर विश्वं त्या बारा अंकांत एकमेकांवर आपटून एकच विश्व उरवलं, सुपरमॅनची गोष्ट नव्याने लिहायला घेतली. मग २०११ मध्ये पुन्हा आवराआवर, एकाच महिन्यात ५२ मासिकं क्रमांक १ पासून. पण घर रंगवताना जसं जड कपाट हलवत नाहीत, मागची भिंत तशीच राहते, तसं बॅटमॅनचं झालं. त्याचा खप चांगला, म्हणून त्याचं जुनं बरंचसं जिथल्या तिथे ठेवलं. परिणाम असा, की नव्या हिशेबाने त्याला रात्री फिरायला लागून पाचेक वर्षंच झाली, आणि तेवढ्यात त्याचे रॉबिन, म्हणजे सोबतीला लढणारे पोरगे, चार होऊन गेले.

पोट्टा म्हणाला, "पाऊस थांबला काका," आणि गेला. थांबला नव्हता.

१२ जुलै, शनिवार

आज मॅडमनी प्रकल्प वाचवला, आणि मी आधी अर्धा तास त्यांच्याशी भांडलो.

मी फळ्या पाडल्या होत्या नायकानुसार. एक बॅटमॅनची, एक स्पायडरमॅनची, अशा. मॅडम म्हणाल्या, "आपल्याकडे कादंबरी लेखकाच्या आडनावाने लागते. नायकाच्या नावाने लावायला लागले तर वाचक वेडा होईल. हे वेगळं का?" मी म्हटलं, कॉमिक्समध्ये नायक कंपनीचा असतो, लेखक येतात-जातात. "मग तर जास्तच," त्या म्हणाल्या. "येणारा कधी आला आणि कधी गेला तेवढं लिहा."

घरी येऊन खंड पुन्हा लावले, लेखकाप्रमाणे. आणि गुंता पटापट सुटत गेला. एक्स-मेनच घ्या. मासिक १९६३ चं. खप पडला, ६७ ते ९३ हे अंक तर नुसत्या जुन्या गोष्टी परत छापून काढले. १९७५ मध्ये नवी माणसं आली आणि ९४ व्या अंकापासून ख्रिस क्लेअरमाँट लिहू लागले, ते १९९१ पर्यंत, सलग सोळा वर्षं. एक्स-मेन म्हटल्यावर लोकांना जे आठवतं त्यातलं बरंचसं त्या सोळा वर्षांतलं. म्हणजे वाचणाऱ्याचा ‘एक’ कव्हरवर ‘९४’ म्हणून छापलाय. डेअरडेव्हिलचंही तसंच. फ्रँक मिलर आधी नुसते चित्रं काढत होते, १६८ व्या अंकापासून लिहायलाही लागले. तिथून धरा. आधीचे १६७ वाचले नाहीत म्हणून काही बिघडत नाही. जे लागतं ते मिलर सांगतात.

एका लेखकाच्या अशा सलग कामाला इंग्रजीत ‘रन’ म्हणतात. इथे रन म्हटलं की पोट्टे स्कोअर विचारतात. म्हणून आमच्या कपाटात त्याला ‘डाव’ म्हणायचं ठरलं. नवा फलंदाज आला की आपण टीव्हीसमोर बसतो, आधीच्या विकेटा कशा पडल्या ते बाजूचा सांगतो. तसंच.

१९ जुलै, शनिवार

खंडांच्या पाठीवर चिकटपट्ट्या. हिरवी: इथेच सुरू, इथेच संपतं. पिवळी: मोठ्या डावाचा पहिला खंड. लाल: मधलं प्रकरण, पाच मासिकांत विखुरलेलं, नवख्याने हात लावू नये. सुटे अंक सगळे खालच्या फळीवर. एका अंकात गोष्टीची वीस-बावीस पानं असतात, आणि हल्ली गोष्ट पाच-सहा अंकांशिवाय संपत नाही, त्यामुळे सुटा अंक म्हणजे मालिकेचा एक एपिसोड. खंडच बरा.

कॅरमवाल्या पोट्ट्याला पकडून हॉकआयचा खंड दिला. मॅट फ्रॅक्शन यांनी लिहिलेला, चित्रं मुख्यतः डेव्हिड आहा यांची, २०१२ ते २०१५, एकूण २२ अंकांचा डाव. "हा कोण? तो धनुष्यवाला? त्याला कोण वाचते!" म्हणाला. म्हणूनच दिला. फार कुणाला माहीत नसलेल्या नायकाबद्दल आपल्याला काही माहीत असायला हवं, असा दबाव येत नाही. त्यात जग वाचवणं नाही. हा माणूस ब्रुकलिनच्या एका चाळवजा इमारतीत राहतो आणि भाडेकरूंना हुसकणाऱ्या गुंडांशी भांडतो.

२६ जुलै, शनिवार

पोट्टा खंड घेऊन परत आला. एक अंक सबंध कुत्र्याच्या नजरेतून आहे. त्याला माणसांचं बोलणं जेमतेम चार शब्दांपुरतं कळतं, बाकी वासांची आणि वस्तूंची चिन्हं. हे त्याने मला दोनदा उघडून दाखवलं. "काका, यात वाचाले काहीच नाही, तरी समजून राहिलं." पुढचा खंड मागितला. घरमालकाने त्यांचंही भाडं वाढवलं आहे, हे जाता जाता बोलला.

आठवीतल्या मुलीने मिस मार्व्हल नेलं होतं, २०१४ चं, जी. विलो विल्सन यांचं. जर्सी सिटीतली कमला खान, घरचे पाकिस्तानातून आलेले, रात्री पार्टीला जायचं नाही. त्या घरातलं तिला काहीही समजावून सांगावं लागलं नाही. मात्र १९ व्या अंकाला जग बुडतं आणि मासिक संपतं. कंपनीच्या २०१५ च्या मोठ्या उलथापालथीत सगळ्यांचंच बुडालं. ती वैतागून आली: "पुढचा भाग वीस पाहिजे ना? हा तर परत एक आहे!" लेखिका तीच, गोष्ट पुढची, आकडा नवा. म्हणजे नुसती पट्टी पुरत नाही. प्रत्येक खंडात एक चिठ्ठी हवी: याच्या आधी काय वाचायचं (बहुतेकदा ‘काही नाही’), आणि याच्या नंतर कोणता, आकड्यावर न जाता.

२ ऑगस्ट, शनिवार

मॅडम स्वतः वाचायला बसल्या. वय ६२, पन्नास वर्षांत एकही कॉमिक नाही. त्यांना ‘बॅटमॅन: इयर वन’ दिलं. १९८७ मधले चार अंक, लिहिणारे मिलर, चित्रं डेव्हिड मॅझुकेली यांची. मूळ मासिकात हे अंक ४०४ ते ४०७. चारशेतीन अंक मागे टाकून सुरुवात!

पंचवीस मिनिटांत मिटवून म्हणाल्या, "पोलिसाचं बरं आहे. पण तुटक वाटतं." मला कळेना. मग शेजारी बसून त्या कशा वाचतात ते पाहिलं. त्या फक्त अक्षरं वाचत होत्या. फुग्यातून फुग्यात, चौकटीतून चौकटीत, भराभर. चित्र म्हणजे शोभेचं, मजकुराच्या बाजूला असतं तसं. इतकी वर्षं मी हे पाहिलंच नव्हतं, की चित्र वाचणं हीसुद्धा शिकावी लागणारी गोष्ट आहे. आम्हाला ती लहानपणी बाकावर आपोआप आली, म्हणून ती आहे हेच ध्यानात नाही.

मग एक पान दोघांनी मिळून वाचलं. आधी सगळं पान लांबून. मग चौकटी, डावीकडून उजवीकडे, वरून खाली. फुगे जो वर तो आधी. दोन चौकटींच्या मधल्या पांढऱ्या पट्टीत काय झालं असेल ते आपण भरायचं. बोलणं नाही तिथे मुद्दाम थांबायचं. गॉर्डन (तो पोलीस) आणि ब्रूस (म्हणजेच बॅटमॅन) दोघांचं मनोगत वेगवेगळ्या अक्षरवळणात आहे, ते त्यांनी माझ्या आधी टिपलं. आयुष्यभर दाखल नोंदी तपासल्यात, कुणाचं अक्षर कोणतं हे त्यांना लगेच कळतं. आणि गोष्ट तारखा टाकत पुढे जाते हे त्यांना फार आवडलं. "शिस्त आहे," म्हणाल्या.

दुसऱ्यांदा वाचायला त्यांना सव्वा तास लागला.

चिठ्ठीवर आता तिसरी ओळ: ‘चित्रं वाचा. घाई नाही.’

९ ऑगस्ट, शनिवार

राखी. वाचनालय बंद. ताई आणि भाची आल्या. भाची म्हणाली, "मामा, मी फोनवरच वाचते." ॲप एकेक चौकट मोठी करून दाखवतं, वर्गणी भरली की हजारो अंक, मार्व्हलचे नवे साधारण तीन महिन्यांनी येतात. मी विचारलं, काय काय वाचलं? "शोधूनच राहिली आहे अजून." हजारो अंकांचं कपाट आणि दाराशी कुणी नाही. तिला आमच्या चिठ्ठ्यांचे फोटो पाठवले.

१६ ऑगस्ट, शनिवार

दोन गोष्टी चुकल्या.

पहिली, भाषा. मराठी शाळेतली चार पोरं कपाटापुढे येतात, कव्हरं बघतात, ठेवून देतात. इंग्रजी आहे हे मी हिशेबातच धरलं नव्हतं. मग तळाची फळी वर आणली. नागराज १९८६ चा, ध्रुव १९८७ चा. हिंदी नागपुरात कुणाला परकी? ध्रुवकडे तर शक्ती वगैरे काही नाही, सर्कशीत वाढलेला पोरगा, डोकं आणि मोटारसायकल. दुपारपर्यंत सगळे ध्रुव गेले. वाळवी लागलेलेसुद्धा.

दुसरी चूक लाल पट्टीची. एकाने सिनेमा पाहिला होता, त्याला ‘सिव्हिल वॉर’च हवं होतं. २००६-०७ ची मूळ मालिका, सात अंक, पण तिचे धागे डझनावारी मासिकांत. मी म्हटलं, नको, समजणार नाही. तो म्हणाला, "मी कुठे म्हटलं समजलं पाहिजे म्हणून?" नेलं. आज परत आला आणि प्रश्नांची यादी घेऊन आला, वहीच्या पानावर, एकूण १७. स्पायडरमॅन सगळ्यांसमोर मास्क काढतो, मग पुढे लोक त्याला ओळखत कसे नाहीत? हा गोलियथ कोण? कॅप्टन अमेरिका शेवटी हात वर का करतो? सगळ्यात जास्त प्रश्न त्याचे, आणि आज सगळ्यात जास्त खंड त्यानेच नेले. चार आण्याच्या बाकावरचा मीच तो, फक्त त्याची कव्हरं फाटलेली नाहीत.

लाल पट्टीची सूचना बदलली. आधी होतं ‘नवख्यांनी घेऊ नये’. आता: ‘प्रश्न पडतील. लिहून आणा.’

२४ ऑगस्ट, रविवार

काल मारबत, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतींचे मोठे पुतळे मिरवत नेऊन जाळतात तो नागपूरचा सण. पोरांना घेऊन इतवारीला गेलो होतो, खांद्यावर एक आणि हाताला दोन. काळी मारबत १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. गर्दीत सतरा प्रश्नवाल्याने विचारलं, "काका, सुपरमॅन मेला होता म्हणतात, खरंच?" खरंच. नोव्हेंबर १९९२, ७५ वा अंक, लोकांनी रांगा लावून घेतला. आणि पुढच्याच वर्षी तो परत आला. "म्हणजे फसवलं!" मी काही बोलायच्या आत खांद्यावरची चिमुरडी वरून म्हणाली, "मारबतपण जाळतात ना, तरी येते."

बडगे (मिरवणुकीतले टीका करणारे पुतळे) यंदाही ताज्या बातम्यांवरचेच होते. तिन्ही पोरांना एकेक बडग्याचा अर्थ सांगता सांगता घसा बसला.

३० ऑगस्ट, शनिवार

चिठ्ठ्या पूर्ण, ६१. कागद विकत आणला नाही. माळ्यावरून तक्ता काढला, चारही कार्डशीट, मागची बाजू कोरीच होती. सुतळी धरून ओळी आखल्या आणि कात्रीने कापलं. बायकोने विचारलं, रात्री अकरापर्यंत बसून केला होता तोच का हा? तोच.

दोन शनिवारांचं काम बारा शनिवार चाललं. सध्या बाहेर गेलेले खंड २३, सुटे अंक मोजले नाहीत.

संध्याकाळी आठवीतली मुलगी आली, हातात चिठ्ठी. "काका, याच्या मागे निम्मा बाण आहे आणि ‘ऑगस्ट १९६२’ लिहिलं आहे. बाण कुठे जातो?" कॅरमवाला उठून आला. त्याच्या चिठ्ठीमागे एक्स-मेनचं ‘एक्स’ आणि लाल रेघेचा तुकडा. त्यांनी टेबलावर दोन्ही लावून पाहिल्या, जुळल्या नाहीत. मग दोघेही कपाटातले खंड उघडून चिठ्ठ्या काढायला लागले. मॅडमनी आवाज दिला, चिठ्ठी ज्या पुस्तकातली त्याच पुस्तकात परत गेली पाहिजे. सात वाजता दार लावताना टेबलावर अकरा तुकडे जुळलेले होते. उरलेल्यांपैकी तेवीस लोकांच्या घरी आहेत. कुणाकुणाकडे, ते पोरांनी मॅडमकडून विचारून वहीत उतरवून घेतलं.